उसनं बोट

रफूबाईंना कोणी विचारलं, "तुम्ही काय काम करता?" तर त्या म्हणायच्या, "भोकं लपवते."

यात थाप नव्हती. कोटाला सिगारेटने पडलेलं भोक असो, नाहीतर लोकरी शालीची कसरीने केलेली चाळण असो, बाई त्याच कापडाच्या आतल्या शिवणीतून चार धागे उपसायच्या, उभे भरायच्या, आडवे विणायच्या, आणि मग गिऱ्हाईक कपडा उजेडात धरून विचारायचं, "अहो, पण काम केलंय कुठं?" हा प्रश्न म्हणजे बाईंची शाबासकी. पोटासाठी गाव सोडून या शहरात आल्याला बावीस वर्षं झाली होती, आणि बावीस वर्षं एकाच दुकानात, खिडकीजवळच्या एकाच खुर्चीत बसून त्यांनी हा एकच प्रश्न जमवला होता.

अडचण एवढीच, की हाताची सवय जिभेलाही लागली होती. बोलण्यात कुठं भोक पडलं, की बाई तिथंही रफू करून मोकळ्या.

"सकाळी काय खाल्लंस?" खोलीतली जोडीदारीण विचारायची.

"काही नाही गं. कोरा चहा."

"मग ओठाला साखर कशी?"

"मीठ आहे ते. गुळण्या केल्या."

ही जोडीदारीण म्हणजे सुभेदारीण. नाव मजल्यावरच्या बायकांनी ठेवलेलं. काम एका शाळेत फरशा पुसायचं, पण बादली हातात घेऊन निघाली की हेडमास्तरसुद्धा भिंतीला चिकटून वाट द्यायचे. अंगाने काडी, आवाजाने नगारा.

तिसऱ्या मजल्यावर आठ खोल्या, टोकाला सगळ्यांचं मिळून एक स्वयंपाकघर. राहणाऱ्या सगळ्या बायका कुठून कुठून कामासाठी आलेल्या. कुणाचं गाव पूर्वेला, कुणाचं दक्षिणेला. पण त्यातल्या तिघींच्या रक्तात साखर सारखीच. एक या रफूबाई. दुसरी कँटीनवाली, दीडशे माणसांचा स्वयंपाक रांधणारी आणि पोटाला इन्सुलिन टोचून घेता घेता विनोद सांगणारी. तिसरी धाकटी, खोक्यांच्या कारखान्यात पॅकिंगला जाणारी. तिची साखर बाळंतपणात आली आणि बाळाबरोबरच बाहेर पडली. पण डॉक्टर म्हणाले होते, पाहुणी परत येऊ शकते, म्हणून ती नजर ठेवून होती.

सुभेदारणीला स्वतःला साखर नव्हती. तिच्या थोरल्या बहिणीला होती. बहिणीचा पाय गुडघ्यापासून गेला, आणि दोन वर्षांनी बहीणही गेली.

"तेव्हा मी नुसती रडत बसले," सुभेदारीण सांगायची. "आता रडणार नाही. आता ओरडणार."

आणि ती ओरडायची. साखर मोजायचं मशीन तिनेच सगळ्यांकडून वर्गणी काढून आणलं. दर रविवारी सकाळी रिकाम्या पोटी स्वयंपाकघरात रांग. सुई प्रत्येकीची नवी, पट्टी प्रत्येकीची नवी, आकडा मात्र मोठ्याने सांगायचा. चांगला आला तर ताटावर पळी वाजवायची. वाईट आला तर इमारतीला चार फेऱ्या, आणि त्या एकटीने नाही, चौघींनी मिळून. हा नियम फार जालीम होता. स्वतःचे पाय दुखले तर माणूस सोसतो, आपल्यामुळे कँटीनवालीचे दुखले, तर ती आठवडाभर चपला आपटत दाराशी येऊन विचारायची, "खाल्लंस ना गुपचूप? खाल्लंसच ना?"

म्हणून रफूबाई शनिवारी दुपारपासून साध्वी व्हायच्या. रविवारी आकडा बेताचा यायचा. सोमवारी बाई पुन्हा संसारात.

संसार होता बटणांच्या डब्यात. जुनी बटणं, हुक, आकडे, आणि त्यांच्यात मिसळलेल्या लिमलेटच्या गोळ्या. लाल, पिवळ्या, हिरव्या. सुभेदारणीने दहादा डबा उघडून पाहिला असेल, तिला बटणंच दिसली. भोकं लपवणाऱ्या बाईने गोळ्या लपवल्या, त्यात नवल ते काय!

नवल पुढं झालं. एका संध्याकाळी गप्पा मारता मारता बाईंनी डब्यातून सवयीने एक लाल गोळी उचलून तोंडात टाकली. चोखली. विरघळेना. जिभेने चाचपली, तर तिला चार भोकं.

"काय चघळतेस?" सुभेदारणीने विचारलं.

"बटण," बाई म्हणाल्या. आयुष्यात एकदा खरं बोलल्या, तर कोणाला पटलं नाही.

पण गोळी आणि बटण आपल्या डोळ्यांना वेगळं दिसलं नाही, हे त्या दिवशी बाईंना कळून चुकलं. डोळ्यांवर साय धरल्यासारखं वाटतंय, दिव्याभोवती कडं दिसतंय, हे त्यांनी वर्षभर स्वतःपासूनही लपवलं होतं. आठवड्याने व्हायचं ते झालं. शिवणीतून धागा न निघालेल्या एका काळ्या कोटाला त्यांनी काळा समजून रिळाच्या गडद निळ्या दोऱ्याने रफू केलं. गिऱ्हाईकाने कोट उजेडात धरला, बोट ठेवलं आणि म्हणालं, "हे बघा, इथं केलंय."

बावीस वर्षांत पहिल्यांदा. थोबाडीत बसली असती तरी एवढी लागली नसती.

मालक माणूस बरा. म्हणाला, "बाई, डोळ्यांचं बघा. तोवर भारी कपडे दुसरीकडे देतो. महिनाअखेरीला ठरवू." आणि 'ठरवू' म्हणजे काय, ते बाईंना ठाऊक होतं. गावाहून मुलगा दर फोनला म्हणत होता, "आई, आता बास. ये आणि आरामात बस." बसायचं म्हणजे सुनेच्या स्वयंपाकघरात पाहुणीसारखं बसायचं, आणि पाणी हवं तर मागून घ्यायचं. बाईंना खिडकीजवळची खुर्ची हवी होती. मरेपर्यंत.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी मोतीबिंदू सांगितला. "ऑपरेशन सोपं आहे. पण आधी साखर आटोक्यात पाहिजे. मंगळवारपासून दोन आठवडे रोज सकाळी रिकाम्या पोटी मोजा. दीडशेच्या आत दिसली की तारीख देतो. मशीनही आणा, त्यात सगळे आकडे राहतात."

बरोबर गेलेली सुभेदारीण म्हणाली, "आणतो ना! दोन आठवडे मशीन हिच्याच उशाशी."

सोमवारी सकाळी बाईंनी सहज मोजून पाहिलं. दोनशे एकतीस.

बाईंनी मशीनकडे पाहिलं. मशीनने बाईंकडे पाहिलं. त्याच्या आतल्या शिवणीतून उपसायला एक धागा सापडेना.

मंगळवारी, सुभेदारीण आंघोळीला गेल्याबरोबर, बाई धाकटीच्या दाराशी.

"मावशी, एवढ्या सकाळी?"

"अगं, एक बोट दे."

"बोट?"

"उसनं. थेंबभर. तुझा कामाचा झगा खांद्यात घट्ट होतो ना? सैल करून देते."

धाकटीने बोट पुढं केलं, पण चेहरा पडलेलाच. "मावशी, हे पाप नाही ना?"

"पाप कसलं? उसनं घेतेय. हवं तर बदल्यात माझी साखर देते."

"नको, नको. तेवढी राहू द्या तुमच्याकडंच."

ब्याण्णव. दुसऱ्या दिवशी चौऱ्याण्णव. मग एक्क्याण्णव. सुभेदारीण आकडे बघून हरखून जायची. मधल्या रविवारी सगळ्यांसमोर स्वतःचंच बोट द्यावं लागलं, तेव्हा शनिवारचा उपास कामी आला: एकशे अठ्ठेचाळीस.

"आज एकदम कशी चढली?" कँटीनवालीने विचारलं.

"लोकांसमोर लाजते गं माझी साखर."

"आणि रोज एवढी खाली कशी?"

"मन मारून राहते."

"हो का? मग मन मारताना तुझ्या कपाटातून कुडुम कुडुम आवाज येतो, तो कसला?"

"गप्प बस गं!" सुभेदारीण तिच्यावर डाफरली. "बघ जरा हिच्याकडं आणि शीक!"

रफूबाईंनी नम्रपणे मान खाली घातली. हा अभिनय त्यांना फारच छान जमायचा.

दुसऱ्या आठवड्यात शुक्रवारी माशी शिंकली. धाकटीची कामाची पाळी बदलली. उजाडायच्या आत ती कारखान्यात. नऊ आकडे उसने झाले होते, चार दिवस उरले होते, आणि मजल्यावर बोट नाही. कँटीनवालीचं बोट काय कामाचं? ते तर भरलेलं पोतं. बाई खोलीत येरझारा घालत होत्या. समोर सुभेदारीण कामावर जायला निघाली होती, पाण्याची बाटली भरत. काडीसारखी. ठणठणीत. रिकाम्या पोटी.

"अगं," रफूबाई म्हणाल्या, "हे मशीन मला जरा खोटारडं वाटतंय."

"का गं?"

"एवढे चांगले आकडे, आणि माझे? तुला तरी पटतात का?"

सुभेदारणीने बाटली खाली ठेवली. मैत्रिणीच्या या प्रामाणिकपणाने तिला भरून आलं. "खरं सांगू? नाही पटत."

"मग तू बोट दे. तुला साखर नाही. तुझा आकडा बरोबर आला, की मशीन बरोबर."

"घे! शुद्ध माल आहे," सुभेदारणीने ऐटीत हात पुढं केला.

नवी सुई, नवी पट्टी. पाच, चार, तीन, दोन, एक. बाईंनी मशीन खिडकीशी नेलं, डोळे बारीक केले. दोनशे अडुसष्ट. दुसऱ्या बोटाने पुन्हा केलं. दोनशे चौऱ्याहत्तर.

सुभेदारीण खो खो हसली. "बघ! बिघडलंच की! सेल उतरले असतील. मी आज नवे आणते. आणि तू घाबरू नकोस, हे दोन आकडे माझे आहेत, मशीनला त्या दिवशी भोवळ आली होती, असं मी डॉक्टरांना सांगेन. तुझे बाकीचे आहेत ना सोन्यासारखे!"

आणि बाटली उचलून, अर्धी तिथंच घटाघटा पिऊन, पुन्हा भरून ती गेली.

बाईंच्या मनात पहिला विचार आला, तो सांगायला हवा: वाचले! दुसरा विचार दुकानात, गोधडीएवढ्या पडद्याला धावदोरा घालताना आला. मशीन बिघडलेलं नाही. कालपर्यंत धाकटीच्या बोटाला ते अचूक बोलत होतं. आणि सुभेदारणीच्या कपड्यांची कंबर आपण या वर्षात दोनदा आत घेतली. आधी दोन बोटं, मग तीन. प्रत्येक वेळी ती कमरेवर हात ठेवून म्हणाली होती, "चालण्याचा गुण!" आणि ती बाटली. सकाळपासून तिसऱ्यांदा भरलेली. हाताला बादलीची कड लागून तीन आठवडे झाले, खपली धरेना.

डोळ्यांना दिसत नव्हतं ते बाईंच्या बोटांना सगळं ठाऊक होतं. बोटांनी सांगितलं नव्हतं, एवढंच.

हे सगळं एकीलाच माहीत, आणि ते सांगायचं तर आधी नऊ उसने आकडे सांगायला हवेत. म्हणजे ऑपरेशन लांबणार. महिनाअखेर येणार. खुर्ची जाणार.

बाईंनी आधी आपल्या पद्धतीने करून पाहिलं. शनिवारी सकाळी म्हणाल्या, "तू पण एकदा दवाखान्यात तपासून घे ना."

"मला कशाला?"

"किती बारीक झालीस."

"चालते म्हणून."

"पाणी फार पितेस."

"बोलते फार म्हणून."

"हाताची जखम बघ. अजून ओली आहे."

"फिनेल लागतं म्हणून. तुला काय झालंय आज? मला काय धाड भरलीय?"

जो धागा लावावा, तो कापडाशी विसंगत दिसत होता. संध्याकाळपर्यंत बाईंनी सहा तऱ्हांनी रफू करून पाहिलं. शेवटी सुईच खाली ठेवली. त्या शनिवारी उपासही केला नाही. जेवल्या, दोन गोळ्या खाल्ल्या, आणि पहाटेपर्यंत कुशी बदलत राहिल्या.

रविवारी स्वयंपाकघरात चौघी जमल्या. मशीनमध्ये नवे सेल. सुभेदारणीने पळी उचलली. "आज आधी रफूबाईंसाठी वाजवायचं. परवा हिला तारीख मिळणार..."

"थांब," रफूबाई म्हणाल्या. "ते आकडे माझे नाहीत. धाकटीच्या बोटाचे आहेत. नऊच्या नऊ."

धाकटी कँटीनवालीच्या मागं सरकली. तिथं लपायला भरपूर जागा होती.

"म्हणजे?" सुभेदारणीची पळी हवेतच.

"म्हणजे मी चोरी केली. त्या दिवशी तुझं बोट घेतलं तेही मशीन तपासायला नाही. धाकटी नव्हती म्हणून."

"माझ्या मशीनवर? माझ्या नाकाखाली? अगं, मी तुझं कौतुक करत मजलाभर फिरले! शाळेतल्या शिपायालासुद्धा सांगितलं!"

"आणि डॉक्टरांनी समोर बोट तपासलं असतं म्हणजे?" कँटीनवालीने मध्येच तोंड घातलं. "धाकटीला काय पिशवीतून नेणार होतीस?"

"आदल्या दिवशी उपास करणार होते."

"हिला आधी चार नाही, चाळीस फेऱ्या..." सुभेदारीण गरजली.

"घालीन," बाई म्हणाल्या. "ओरड नंतर. आधी हिशोबाने विचार कर. नऊ दिवस धाकटीचं बोट, नऊ दिवस मशीन बरोबर. शुक्रवारी तुझं बोट. मग मशीन बिघडलं कधी?"

नळाचं पाणी थेंब थेंब गळत होतं.

कँटीनवालीने मुकाट्याने मशीन उचललं. धाकटीचं बोट: पंच्याण्णव. स्वतःचं: एकशे बासष्ट. रफूबाईंचं, स्वतःचं, अस्सल: दोनशे एकोणीस. मग तिने सुभेदारणीकडे पाहिलं.

सुभेदारणीने दोन्ही हात पाठीमागं घेतले. लहान मुलगी शाईचे हात लपवते तसे.

"मला नाही," ती म्हणाली. "मला कशी असेल? मी तर..." मग तिचा आवाज एकदम खाली आला. "ताई पण हेच म्हणायची. मला काय धाड भरलीय."

रफूबाई तिच्याजवळ गेल्या. मागून एक हात ओढून घेतला. त्यांना बोट नीट दिसत नव्हतं, पण शोधायला दिसावं लागत नाही.

"दुखेल का?" बायकांना चार वर्षं टोचणाऱ्या सुभेदारणीने विचारलं.

"तूच म्हणतेस ना, मुंगी चावल्यासारखं."

"ते तुम्हाला सांगायला गं!"

दोनशे एकाहत्तर.

पळी कोणी वाजवली नाही. सुभेदारीण स्टुलावर बसून राहिली, आणि सगळ्यांना वाटलं, ही आता रडणार. तिने नाक ओढलं, उठली आणि म्हणाली, "चला. खाली."

"एकीच्या चार फेऱ्या," कँटीनवाली कळवळून म्हणाली, "दोघींच्या काय आठ?"

"आठ."

"मेले मी! पाप केलं या दोघींनी आणि पाय माझे!"

सोमवारी दवाखान्यात रक्त तपासलं, साखर पक्की निघाली, गोळ्या सुरू झाल्या. वेळेवर आलात, तिथल्या डॉक्टर म्हणाल्या. मंगळवारी डोळ्यांच्या डॉक्टरांसमोर रफूबाईंनी खरं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून बाईंकडे बघितलं, पुन्हा घातला आणि ऑपरेशन दीड महिना पुढं ढकललं.

राहिली खुर्ची. तीसुद्धा बाईंना एकटीने वाचवावी लागली नाही. रोज सकाळी स्वयंपाकघरात, चहा उकळेपर्यंत, तिघी मिळून वीस सुयांत दोरे ओवायच्या आणि फडक्यावर ओळीने टोचायच्या: वर काळे, खाली निळे, त्याखाली तपकिरी. निळ्याला एक गाठ, तपकिरीला दोन, काळ्याला गाठच नाही. बाईंनी बोटांनी गाठ चाचपायची आणि शिवायचं. रफू नाही, पण धावदोरे, हुक, बटणं होत होती. महिनाअखेरीला मालकाने फडकं पाहिलं. "हे कोणी ओवलं?" बाई म्हणाल्या, "माझ्या डोळ्यांनी." मालकाने पुढचा पडदा त्यांच्या मांडीवर टाकला आणि विषय संपला.

बटणांच्या डब्याची झडती धाकटीने घेतली. एकूण एकतीस गोळ्या जप्त. आणि सुभेदारीण? तिच्याइतकी वाईट रोगी त्या मजल्याने पाहिली नाही. रोज सकाळी बोट द्यायच्या आधी एकच पालुपद, "मशीन बिघडलंय." गोळी दिली तर म्हणायची, घेतली. घेतली म्हटलं तर जीभ उचलून दाखवायला लावावी लागायची.

"तू माझ्यावर पहारा ठेवतेस?" ती रफूबाईंवर ओरडायची. "तू? चोर?"

"चोरालाच ठाऊक असतं," रफूबाई शांतपणे म्हणायच्या, "कुठं बघायचं ते."

दीड महिन्याने ऑपरेशनच्या दिवशी नर्सने बाईंचं बोट टोचलं. एकशे अडतीस. सुभेदारणीने झडप घालून त्यांचा हात उताणा केला.

"काय बघतेस?"

"भोक तुझ्याच बोटाला आहे ना, ते."

दुसऱ्या दिवशी पट्टी सोडली. डॉक्टरांनी हात वर केला. "किती बोटं?"

"तीन," बाई म्हणाल्या. "आणि तिन्ही तुमचीच."

मग त्यांनी हळूहळू मान वळवली. खिडकी दिसली. खिडकीची दांडी, दांडीवरचा गंज. आणि खुर्चीच्या काठावर बसलेली सुभेदारीण, दोन्ही हात घट्ट धरून. किती वर्षांनी तिच्या तोंडावरच्या रेषा मोजता येत होत्या. बाई बघतच राहिल्या.

"काय गं?" सुभेदारीण म्हणाली. "दिसतंय ना?"

"दिसतंय. तुझ्या निळ्या स्वेटरचं दुसरं बटण काळ्या दोऱ्याने शिवलंय."

"तूच शिवलंस, आंधळे!" सुभेदारणीने डोळे पुसले.

"आणि तिसऱ्या बटणावर बिस्किटाचा चुरा आहे."

सुभेदारणीचा हात आपोआप स्वेटरवर गेला. "मीठ आहे ते," ती म्हणाली.

रफूबाईंनी उशाखालून पिशवी ओढली, मशीन काढलं, नवी पट्टी लावली.

"काढ बोट."